खर्रा, नाटक आणि पावतीबुक

ऑक्टोबर आला की आपल्या ऑफिसात गुलाबी सीझन सुरू होतो. लॉबीत गुलाबी फुगे, एचआरकडून गुलाबी रिबीन लावलेला मेल, कॅफेटेरियात गुलाबी कपकेक. मग डिसेंबर-जानेवारीत कुठल्या तरी चांगल्या कामासाठी दहा किलोमीटर धावायचं. टी-शर्ट मिळतो, मेडल मिळतं, एक केळं आणि ग्लुकोजचं पाकीट मिळतं, दुपारपर्यंत फोटो अपलोड होतात. मी हे सगळं केलंय, पुन्हाही करीन. टी-शर्ट झोपायला फार छान असतात.

पण गेल्या हिवाळ्यात मी कॅन्सरसाठी जी पावती फाडली, ती नाटकाची होती. तेही शिवाजी मंदिरातल्या किंवा बालगंधर्वमधल्या नाही, तर धानाच्या कापलेल्या बांधीत उभारलेल्या मंडपातल्या. रात्री दहाला पडदा वर, पहाटे पाचला खाली. गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, जिल्हा चंद्रपूर. आयोजक माझी मामेबहीण, वय वर्षं वीस, बीएस्सी फायनल. नाव छापू नको म्हणाली. ‘गावात आधीच लय झालं नाव,’ हे तिचं कारण.

ज्यांना झाडीपट्टी म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. चंद्रपूरचा पूर्व भाग, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा जंगलाचा आणि धानाचा पट्टा. दिवाळी झाली, धान घरात आलं की इथे नाटकांचा सीझन सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं वडसा, हे या नाटकांचं दादर. कंपन्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. गावातलं मंडळ कंपनीकडून ‘खेळ’ ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं, आणि खर्च जाऊन जे उरेल ते गावाच्या कामाला लावतं. पाहुणे लांबून येतात, लेकीबाळी माहेरी येतात, लग्नं जुळतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच जणांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा गूगल केला.

तर फंडरेझिंगचं मॉडेल इथे आधीपासूनच तयार आहे. आपण ज्याला बेनिफिट शो म्हणतो, तो इथे दर हिवाळ्यात गावोगाव होतो. बहिणीने फक्त एवढंच म्हटलं, की या वर्षीचा उरलेला पैसा समाजमंदिराच्या रंगाला न जाता कॅन्सरच्या पेशंटला जाऊ दे.

तिच्या डोक्यात हे आलं कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कॅम्पमध्ये. सात दिवसांचा कॅम्प, सकाळी श्रमदान, दुपारी सर्व्हे. सर्व्हेच्या एका घरी माणूस ओसरीवर बसलेला, गाल सुजलेला, गळ्यावरची त्वचा काळवंडलेली. तोंडाचा कॅन्सर, नागपूरला रेडिएशन चालू होतं. ‘चालू होतं’ म्हणजे बारा वेळा घेऊन तो परत आला होता. का? तर धान कापणीला आलं होतं, आणि नागपुरात राहायचे पैसे संपले होते.

‘पण उपचार तर फ्री असतात ना?’ हा प्रश्न तिने तिथे विचारला, आणि तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मीही विचारला. तुम्हीही विचारत असाल. बरोबरच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिचा पहिला अवतार, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत गडचिरोली होता. दीड लाखाचं कवच २०२३ मध्ये पाच लाखांचं करायचं ठरलं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन असे कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात. त्या माणसाचंही कार्ड होतं आणि कार्ड चाललंही होतं.

कार्ड चालत नाही ते लॉजवर. डोकं-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस असं सहा-सात आठवडे चालतं, तीस ते पस्तीस वेळा. एकेका वेळेला मशीनखाली मोजकी मिनिटं. उरलेल्या दिवसाचं काय? आपण ठाण्यात राहत असू तर ऑफिसमधून हाफ डे टाकून परळला जाऊन येऊ. चंद्रपूरपासून नागपूर दीडशे किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिरोंचा तर गडचिरोली शहरापासूनच दोनशे किलोमीटरच्या वर. रेल्वे म्हणाल तर या एवढ्या लांबलचक जिल्ह्याच्या वाट्याला कित्येक दशकं वडशाचं एकच स्टेशन आलं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड उरलेल्या जगापासून तुटतं. रोज जाऊन-येऊन रेडिएशन हा विचारच सोडा. म्हणजे दीड-दोन महिने नागपुरात खोली, पेशंटबरोबर एक माणूस, दोघांचं जेवण आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. आणि मध्येच सोडलेलं रेडिएशन जिथे थांबलं तिथून आरामात पुढे सुरू करता येत नाही. खंड पडला की त्याचा परिणाम कमी होतो, गाठीला सवड मिळते.

एका धानाच्या हंगामाने आणि एका खोलीच्या भाड्याने सरकारचे लाखभर रुपये आणि डॉक्टरांची मेहनत पाण्यात जाते. बहिणीच्या भाषेत, ‘इंजिन फुकट मिळालं ना दादा, डिझेलले पैसे नाही.’

मला तिचं हेच आवडलं, की तिने ‘कॅन्सरसाठी’ असं गोलमाल काही म्हटलं नाही. उद्देश एका ओळीत: रेडिएशन चालू असेपर्यंत राहणं, जेवणं आणि एसटी. गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे वर्गणीची तात्पुरती परवानगी काढतात, तीच तिने मंडळाच्या अध्यक्षांना काढायला लावली. छापील पावतीबुक, प्रत्येक पानाला नंबर. पैसे पेशंटच्या हातात न देता खोलीवाल्याला आणि खानावळवाल्याला परस्पर. हा शेवटचा नियम काही म्हाताऱ्यांना अपमानाचा वाटला. मलाही थोडा कडक वाटला. ती म्हणाली, ‘हातात दिले का मग नातेवाईक येते उसने मागाले. त्याले नाही म्हणता येत नाही. मी म्हणते ना.’ वीस वर्षांची मुलगी!

आता खरी गंमत. कंपनीला ॲडव्हान्स द्यायचा होता. मंडप, साउंड, जनरेटर वेगळं. मंडळाकडे एवढे पैसे नव्हते. अशा वेळी देवदूत येतात तसा एक आला. तालुक्याच्या गावचा सुपारीचा ठोक व्यापारी. कंपनीची पूर्ण रक्कम मी देतो म्हणाला. अट एकच, गेटवर एक बॅनर, स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक.

इथे खर्रा समजावून सांगायला हवा. नागपूरपासून पूर्वेला कुठल्याही पानठेल्यावर एक माणूस प्लॅस्टिकच्या पन्नीत काहीतरी घालून फळीवर जिवाच्या आकांताने घोटताना दिसेल. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना. घोटून ओलसर झालं की पुडी बांधून हातात. तो खर्रा. पुरुष खातात, बाया खातात, कॉलेजातली पोरं खातात, आणि भेट म्हणून देतातही. आपण ‘कॉफी घ्यायला भेटू’ म्हणतो तसं इकडे ‘चल, खर्रा खाऊ’. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा काही कुठल्या कारखान्यातून पाकिटात येत नाही. तो तुमच्यासमोर तयार होतो, ताजा. सेंद्रिय म्हणून विकायचाच बाकी आहे.

त्यातली तंबाखू वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुपारी मात्र पूजेत असते, विड्यात असते, लग्न ठरवताना असते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला संशय येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू चामड्यासारखी ताठ होत जाते. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडायला लागतं. त्यानंतर कधीतरी त्याच जागी गाठ येऊ शकते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तोंडात ठेवायची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याची सिगरेट ही सिगरेट नाहीच. आपल्या ऑफिसच्या खाली टपरीवर जो धूर दिसतो, तो या गोष्टीचा अगदी छोटा, शहरी तुकडा आहे.

तर सुपारीवाल्याचा बॅनर. मंडळाची मीटिंग शाळेच्या वर्गात झाली, मी व्हिडिओ कॉलवर होतो. (नेटवर्क यायचं तेव्हा.) म्हातारे मंडळी बॅनरच्या बाजूने. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. पैसा कुठून आला याच्याशी खोलीवाल्याला काय करायचं? आणि सुपारी काही बेकायदेशीर नाही. एक काका म्हणाले, ‘पैशाले वास नसते गा.’ त्यावर बहीण म्हणाली, ‘पैशाले नसन जी, पण खर्ऱ्याले असते.’ वर्ग हसला, ठराव पडला. खरं सांगायचं तर पडला तो तेवढ्याने नाही. तिने पुढे विचारलं, की नाटकाआधी जी दातांची डॉक्टर तोंड तपासायला येणार आहे, तिला टेबल कुठे टाकून द्यायचं, बॅनरच्या खाली का बाजूला? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

मला तेव्हा टेरी फॉक्स आठवला. मुंबईतल्या अनेकांनी त्याच्या नावाच्या रनमध्ये भाग घेतलाय, तिथला निधी टाटा मेमोरियलमधल्या कामाला गेलाय, पण तो कोण हे विचारलं तर अर्धे ‘कुठला तरी ॲथलीट’ म्हणतात. तो कॅनडातला कॉलेज स्टुडंट होता. १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. वॉर्डात बाकीचे पेशंट, लहान मुलं पाहिली आणि त्याने ठरवलं की कृत्रिम पायावर देश ओलांडायचा, दर माणशी एक डॉलर मागायचा. १२ एप्रिल १९८० ला तो निघाला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे या शहराजवळ थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला, वय बावीस. त्याआधी फेब्रुवारीतच देशाच्या लोकसंख्येएवढे, दोन कोटी चाळीस लाखांच्या वर डॉलर जमले होते. आणि जाहिरातीच्या बदल्यात पैसे देऊ करणाऱ्यांना तो वाटेवर नाही म्हणत गेला. त्याच्या नावाच्या रनमध्ये आजही कंपन्यांच्या लोगोंची जत्रा नसते.

पण कॅनडापर्यंत तरी कशाला जा? याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यातून बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरमध्ये शंभराहून जास्त तरुण-तरुणींना सायकलवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते. पाठीचा कणा त्यांना बसू देत नव्हता, म्हणून गाडीत आडवे पडून. ते गेले २००८ मध्ये, रक्ताच्या कॅन्सरने. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे यांनी १९७३ पासून भामरागडजवळ हेमलकशात लोकबिरादरीचा दवाखाना चालवला. २०२२ मध्ये त्यांनाही रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारांसाठी पुण्याला यावं लागलं. जंगलात दवाखाना उभा करणाऱ्या माणसालाही कॅन्सरसाठी जंगलाबाहेर पडावं लागतं, मग बांधीत राबणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला बहिणीने विचारला नाही. तिला त्याचं उत्तर खोलीच्या भाड्यात पाठ होतं.

सुपारीवाला गेल्यावर ॲडव्हान्स गोळा झाला तो असा: कॉलेजच्या मुलींनी दोन आठवडे कॅन्टीनमध्ये डबा फिरवला. शहरात नोकरी करणाऱ्या गावच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात मी. मी माझ्या टीमला मेल टाकला. आमच्या मॅनेजरने विचारलं, ऐंशी-जीची पावती मिळेल का. मी म्हटलं, नाही, नाटकाचं तिकीट मिळेल. त्याने तरी दिले, आणि ‘लोकेशन पाठव’ म्हणाला. आला नाही. पण हा प्रश्न त्याने ज्या गंभीरपणे विचारला, तो गंभीरपणा आपण पबच्या बिलावर कधी दाखवत नाही, असो.

नाटकाच्या रात्री मी पोचलो तेव्हा मंडप भरत आला होता. थंडी अशी, की शहरातलं जॅकेट म्हणजे नुसती फॅशन. लोक घरून चादरी, बोऱ्या घेऊन आलेले. एरवी मंडपाच्या आत-बाहेर खर्ऱ्याचे ठेले लागतात आणि जागेचं भाडं मंडळाला मिळतं. या वेळी कनातीच्या आत एकही नव्हता. ते भाडं बुडालं, ते बुडालंच. आत चहा, भजे, मुरमुरे. बाहेरच्या सरकारी रस्त्यावर मात्र चार ठेले घोटत उभे होते. तो रस्ता बहिणीच्या हातात नव्हता. लोक भजे खायचे आत आणि खर्रा खायला जायचे बाहेर. मी हे तिला दाखवलं तर म्हणाली, ‘जाऊ दे ना. चालत जा लागते, तेवढंच कमी खातीन.’

गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ म्हणून काम चालतं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ च्या सुमारास सुरू केलेलं, दारू आणि तंबाखू दोन्हींवर. त्यातल्या कित्येक गावांनी ठराव करून ठेलेच बंद केले. बहिणीचं गाव अजून तिथवर आलेलं नाही. तिला त्याची घाई आहे, पण नाटकाच्या रात्री हमरीतुमरी नको होती.

दातांच्या डॉक्टरचं टेबल गेटपाशी होतं. तपासणी साधी. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहायचं. जात असतील तर पुढे टॉर्च मारून गाल, जीभ, हिरड्या. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का. पहिल्या तासात टेबलाजवळ कोणी फिरकलं नाही. मग दुसऱ्या अंकात कंपनीचा विनोदी नट आला. झाडीपट्टीत विनोदी पात्र म्हणजे अर्धा खेळ, त्याने संहितेबाहेर काहीही बोललं तरी चालतं. सासऱ्याकडे लग्नाची बोलणी करायला आलेला हा जावई, सासरा म्हणतो लाडू खा, आणि याचं तोंडच उघडेना. बोटं घालून दाखवली, दोनच जातात. तिसरं कानात. मंडप लोळत होता. त्या सबंध मंडपात शेकडो लोक हसता हसता अंधारात आपापली बोटं तोंडाशी नेत होते. मी नेली. तुम्हीही आत्ता नेलीत ना?

इंटरव्हलला टेबलापुढे रांग लागली.

त्या रांगेत माझा मामा नव्हता. म्हणजे आयोजकाचे वडील. मामा तीस वर्षं खर्रा खातो. जेवताना चटणीची वाटी बाजूला सारतो, पूर्वी तोच मिरचीचा ठेचा मागून घ्यायचा. घास लहान झालेत. हे घरात सगळ्यांना दिसतं. रांग लागली तेव्हा तो मागे जनरेटरजवळ डिझेल बघत उभा होता, जिथे त्याची काही गरज नव्हती. बहीण एकदा तिकडे गेली. काय बोलणं झालं ते जनरेटरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ती एकटी परत आली आणि मोडीच्या पेटीवर बसून दहाच्या नोटा लावायला लागली.

पहाटे शाळेच्या वर्गात हिशेब झाला. कंपनी, मंडप, साउंड, जनरेटर, लाइट. बेंचवर नाण्यांचे मनोरे. पावतीबुकातलं एक पान कमी भरत होतं, तर त्यासाठी उजाडेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं. ते एका काकांच्या खिशात निघालं, भजे खाताना हात पुसायला घेतलं होतं. सगळं वजा जाता जे उरलं त्यात तीन पेशंट आणि प्रत्येकाबरोबर एक माणूस, पूर्ण रेडिएशन होईपर्यंत नागपुरात राहू शकतील इतकं बसत होतं. चौथ्याचं अर्धं. तिघेच, हे ऐकून मला जरा कमी वाटलं. तिने सरळ विचारलं, ‘तुमच्या त्या रनमध्ये किती बसले?’ मला माहीत नव्हतं. मेडलवर लिहिलेलं नसतं.

सर्व्हेत भेटलेला तो ओसरीवरचा माणूस या तिघांत नाही. नाटक ठरण्याआधीच तो गेला. तिघांपैकी दोघांचं रेडिएशन पूर्ण झालं. तिसरी एक बाई, एटापल्लीकडची, अजून नागपुरात आहे. तिच्यासोबत तिची धाकटी बहीण राहते आणि खानावळवाल्याकडे पोळ्या लाटून स्वतःचं जेवण सोडवते. वाचलेल्या पैशांत चौथ्याचं उरलेलं अर्धं बसवायचं असं दोघी बहिणींनी आपणहून सुचवलं.

चंद्रपुरातच टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून १४० खाटांचं कॅन्सर हॉस्पिटल उभारलं गेलंय. खनिज प्रतिष्ठानचा पैसा म्हणजे इथल्या खाणी चालवणाऱ्यांकडून जिल्ह्यासाठी घेतला जाणारा वाटा. म्हणजे ज्या जमिनीतून कोळसा गेला तिथे थोडा परत आला. त्याने कित्येकांचं अंतर कमी होईल. सिरोंच्याच्या माणसाला मात्र नागपूर काय आणि चंद्रपूर काय, रोज जाऊन-येऊन नाहीच जमणार. त्यामुळे बहिणीने आता चंद्रपुरात स्वस्त खोल्या शोधायला सुरुवात केलीय. हॉस्टेलच्या मुलींना कामाला लावलंय. घरमालकांना ती सांगते, ‘भाडेकरू शांत असन, दीड महिन्यात जाईन, आणि खर्रा खाणार नाही याची गॅरंटी माझी.’

पुढच्या सीझनचा खेळ ठरलाय. या वेळी मंडळातल्या म्हाताऱ्यांनीच सुपारीवाल्याला आधी फोन करून सांगितलं, बॅनर नाही, तिकिटं घ्यायची तर घे. त्याने वीस घेतली. मामाने अजून तोंड दाखवलेलं नाही. बहिणीने त्याला या वर्षी गेटवर तिकिटं फाडायला बसवायचं ठरवलंय, डॉक्टरच्या टेबलाला लागून खुर्ची.